निकमसाहेबांचा डावा कान

टीव्हीच्या दुकानात धूळ आणि किस्से दोन्ही रोज साचतात. धूळ सकाळी फडक्यानं निघते. किस्से चहाच्या वेळी पुन्हा वर येतात आणि दरवेळी कुणीतरी त्यात पदरचं काही घालतं. म्हणून मी ते त्याच दिवशी लिहून ठेवतो, भर पडायच्या आधी.

आमचं दुकान नाशिकरोडला. मी साउंडबारच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या लांबट स्पीकरच्या, काउंटरला असतो. बिलिंगला गायकवाड मॅडम, घरोघरी जाऊन जोडणी करून द्यायला इम्रानभाई, आणि आम्हा तिघांवर लक्ष ठेवायला शेठ. आमच्याकडे किस्से पुष्कळ आहेत, पण खालचे सगळे एकाच गिऱ्हाइकाचे. देवळाली कॅम्पचे निकमसाहेब. गाव कळवणकडचं, नोकरी तोफखान्यात, हवालदार म्हणून निवृत्त. उजवा कान तोफांनी पूर्ण नेला, डावा अर्धा ठेवला.

*

ते पहिल्यांदा आले तेव्हा मी नेहमीप्रमाणे युद्धाचा एक सिनेमा लावला. साउंडबार विकायचा तर सगळे तेच करतात. धडाड्धूम झालं की गिऱ्हाईक खुश. साउंडबार मोठा होता, सोबत खर्जासाठी जमिनीवर ठेवायचा सबवूफर. पडद्यावर डोंगरापलीकडे तोफ उडाली, काउंटरची काच थरथरली. रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली.

निकमसाहेब शांत उभे.

"कसा वाटला?" मी मोठ्यानं विचारलं.

"भामरे," माझ्या खिशावरचं नाव वाचून ते म्हणाले, "तोफ किती लांब आहे?"

"डोंगरापलीकडे दिसतेय."

"मग धूर आधी दिसायला पाहिजे, आवाज मागून यायला पाहिजे. इथं दोन्ही एकदम आले. म्हणजे तोफ तुमच्या शेठच्या गल्ल्याखाली हाय."

शेठनं खरंच एकदा गल्ल्याखाली पाहिलं.

मग साहेबांनी पडद्याकडे बोट केलं. सिनेमातली बाई पाठमोरी उभी राहून नवऱ्याला काहीतरी सांगत होती. "तोफा मला घरबसल्या ऐकू येतात. आजही कॅम्पात चालतात. ती बाई काय म्हणाली, ते सांगणारं यंत्र आहे का तुमच्याकडे?"

मी इतकी वर्षं आवाज विकतोय. बाई काय म्हणाली, हे मलाही सांगता आलं नाही.

*

कारण मात्र त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. त्यांची मुलगी वैशाली पुण्यात एका वाहिनीवर काम करते. आधी ती पडद्यावर बसून बातम्या वाचायची. आता तिला शेतीच्या कार्यक्रमाला आवाज द्यायचं काम मिळालंय. दर रविवारी सकाळी कार्यक्रम लागतो. पडद्यावर द्राक्षं, कांदे, ठिबकच्या नळ्या, आणि मागून वैशालीचा आवाज.

"बातम्या वाचायची तेव्हा मला समजायचं," साहेब म्हणाले. "आता नुसतं घुंघुं येतं. माझी पोरगी बोलते आणि मी कांदे बघत बसतो. ती काय बोलते तेवढं ऐकू आलं पाहिजे. बाकी काय नाय."

गायकवाड मॅडमनी बिल थांबवून विचारलं, "साहेब, कानाचं मशीन नाही का?"

"आहे ना. टीव्हीसमोर लावलं की कानात कुणीतरी पातेली घासतंय असं वाटतं. बाजारात लावतो. तिथं तसाही तोच आवाज असतो."

तेव्हा मी त्यांना आमच्या धंद्यातलं एक साधं सत्य सांगितलं. टीव्ही जितका पातळ, तितके त्याचे स्पीकर लहान, आणि तेही मागच्या बाजूला. टीव्ही आपल्याशी बोलत नाही, भिंतीशी बोलतो. भिंतीला आदळून जे उरतं ते आपल्याला मिळतं.

"म्हणजे मी आजवर भिंतीकडून ऐकत होतो," साहेब म्हणाले. हे त्यांना पटलं. शेठनं लगेच त्यांना खुर्ची दिली.

*

शेठचं मत पडलं साउंडबेसवर. साउंडबेस म्हणजे पाटासारखी चपटी पेटी. टीव्ही सरळ तिच्यावरच ठेवायचा, जागा वाचते. कॅम्पातल्या लोकांना शेठ वस्तू चार दिवस वापरून बघायला देतात. फौजी माणूस वस्तू परत आणतो, आणि पुसून आणतो, असा त्यांचा अनुभव.

इम्रानभाई पेटी घेऊन गेले. साहेबांचा टीव्ही भिंतीवर टांगलेला होता, म्हणून पेटी खालच्या टेबलावर ठेवली. वरची जागा रिकामी राहिली. निकमवहिनींच्या घरात रिकामी जागा राहत नाही. त्यांनी तिच्यावर पितळी फुलदाणी ठेवली. फुलदाणी कसली, तोफेच्या गोळ्याचं रिकामं टरफल, घासून सोन्यासारखं केलेलं. पलटणीनं निवृत्तीच्या वेळी दिलेलं.

रविवारी कार्यक्रम लागला. पेटीतून खर्जातला आवाज निघाला की टरफल घुमायचं. देवळातल्या घंटेसारखं, थांबता थांबेना.

सोमवारी साहेब पेटी घेऊन हजर. पुसलेली.

"काय झालं साहेब?"

"गोळा ऐकू आला. पोरगी नाय आली."

टरफल बाजूला ठेवून बघितलं का, असं मी विचारलं. तेही त्यांनी करून बघितलं होतं. पेटीचा जोर सगळा खर्जाला. भारदस्त आवाज हवा असेल त्याला ती उत्तम. पण बोलणं समजतं ते वरच्या, बारीक आवाजांवर, आणि साहेबांचे नेमके तेच गेलेले. इम्रानभाईंना टरफलाचाच जास्त अचंबा. "भामरेभाई, जो चीज बरसों पहले फटी, वो अभी तक बज रही है," ते दिवसभर म्हणत राहिले.

*

पुढच्या वेळी वहिनीही आल्या. मी काउंटरवर लहान साउंडबार मांडून ठेवले होते. हातभर लांबीचे, सबवूफर नाही, बोलणं पुढे आणणारं एक बटण असलेले. पहिला बार टीव्हीखाली मांडला आणि बातम्यांची वाहिनी लावली. दुकानात बाकीचे टीव्ही चालू, मिक्सरचा डेमो चालू, दारात रिक्षांचे हॉर्न.

"काही कळतंय का साहेब?"

निकमसाहेब पडद्याकडे बघत सरळ बोलायला लागले. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटणार. अमुक रस्ता दुरुस्तीसाठी बंद. उद्या ढगाळ हवामान. निवेदिका बोलेल तसं, तिच्या मागोमाग, एकही शब्द न गाळता.

शेठ म्हणाले, "भामरे, हाच. बिल कर."

गायकवाड मॅडम जागेवरून उठल्या, काउंटरच्या मागे वाकल्या आणि बारची वायर हातात धरून उभ्या राहिल्या. ती टीव्हीला लावायची मी विसरलोच होतो. टीव्हीचा आवाज मी सकाळीच बंद करून ठेवला होता.



"अहो," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही ओठ बघून ऐकता?"

"सगळेच बघतात ना," साहेब म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "मी स्वयंपाकघरातून हाक मारली की हे ओ देत नाहीत. मला वाटायचं मुद्दाम करतात. यावरून किती वर्षं भांडले मी."

"भांडण मला समजायचं," साहेब म्हणाले. "तेव्हा तू समोर येऊन उभी राहायचीस."

वहिनी हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला, मग म्हणाल्या, "चहा आहे का हो इथं?" पण मला तेव्हा एकदम उलगडा झाला. बातम्या वाचणारी वैशाली त्यांना समजायची, कारण ती दिसायची. आता तिचा चेहराच पडद्यावरून गेला होता.

*

मग गायकवाड मॅडमनी सूत्रं हातात घेतली. त्या म्हणाल्या, चित्र नको, गाणं नको, नुसता बाईमाणसाचा आवाज पाहिजे. त्यांनी काउंटरवर उभ्याउभ्या स्वतःचाच आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला. त्यांच्या तोंडी येणार काय, तर बिलच. "एक मिक्सर. एक इस्त्री. दोन पंखे. वॉरंटी कार्ड सांभाळून ठेवा. विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

ते रेकॉर्डिंग एकेका बारवर लावायचं आणि साहेबांनी टीव्हीकडे पाठ करून, जे ऐकू येईल ते बोलून दाखवायचं, असं ठरलं. साहेबांना हे फार आवडलं. तोफेवर हुकूम मिळाला की तो मोठ्यानं परत बोलून दाखवायचा असतो, मगच पुढचं. ते पाठ करून ताठ उभे राहिले. दुकानातली गिऱ्हाइकंही गप्प झाली.

पहिला बार. "कुणी बाई बोलते आहे. पुढं कळलं नाय."

दुसरा. "काहीतरी दोन आहेत."

तिसरा. "मिक्सर. पंखे. मधलं गेलं."

चौथा बार सगळ्यांत लहान. आमच्याकडे तो कुणी मागत नाही, खोक्यावर धूळ होती. मी बोलणं पुढे आणणारं बटण दाबलं.

साहेब मान जराशी डावीकडे कलती करून ऐकत होते. मग बोलले, "एक मिक्सर. एक इस्त्री. दोन पंखे. वॉरंटी कार्ड सांभाळून ठेवा. विकलेला माल परत घेतला जाणार नाही." थोडं थांबून पुढे म्हणाले, "आणि मागं शेठ कुणाला तरी सांगतायत, आज चहा मागवू नका, सकाळी झालाय."

आम्ही रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मोबाइल कानाला लावून ऐकलं. खरंच, अगदी मागे, पुसटसं, शेठ होते.

शेठ उठून दाराशी गेले आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. गिऱ्हाइकांनासुद्धा.

*

बार घरी गेला, इम्रानभाईंनी जोडला, रेकॉर्डिंग लावून बघितलं, उत्तम. दोन दिवसांनी साहेबांचा फोन. वहिनींनी केला होता, मागून साहेब सांगत होते.

"बार बिघडला म्हणतायत. पहिल्या दिवशी ऐकू येत होतं, आता रजईतून आल्यासारखं येतंय."

मी आणि इम्रानभाई दुकान उघडायच्या आधीच देवळालीला गेलो. त्यांच्या दिवाणखान्यात शिरलो आणि मला कारण दिसलं. त्या घरात टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, फ्रिजच्या हँडलला वेगळं कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी. आणि साउंडबारला लाल मखमलीचं, दोन्ही टोकांना नाडी असलेलं, अस्तर लावून शिवलेलं कव्हर. घट्ट बसलेलं, इंचभरही उघडं नाही.

"नवी वस्तू," वहिनी म्हणाल्या. "धूळ बसते हो."

इम्रानभाई मोठ्या अदबीनं म्हणाले, "भाभी, याच्या तोंडावर कपडा आहे. हा बोलणार कसा?"

वहिनींनी नाडी सोडली. मॅडमचं रेकॉर्डिंग मी मोबाइलवर आणलं होतं, ते लावलं. कव्हर जसजसं सरकत गेलं तसतसा गायकवाड मॅडमचा आवाज खोलीत उतरत गेला, सकाळी खिडकी उघडावी तसा. मी हे आवाजाचं काम वर्षानुवर्षं करतो, पण आवाज असा उजाडताना मी पाहिला नव्हता. वहिनीही हातात मखमल धरून तशाच उभ्या.

"एवढं सगळं आत होतं?" त्या म्हणाल्या.

कव्हर त्यांनी टाकलं नाही. आता ते कार्यक्रम संपला की चढतं.

*

पण साहेबांचं समाधान झालं नव्हतं. "मॅडमचा आवाज येतो. पण त्या बिल करतात, रोज ओरडायची सवय आहे. माझी पोरगी हळू बोलते. बार जागेवर नाय."

बार टीव्हीच्या बरोबर खाली होता. माहितीपत्रकातल्या चित्रात दाखवतात तसा.

"याहून योग्य जागा कोणती साहेब?" मी म्हटलं.

"ती शोधायची असते." साहेब आपल्या खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि एकदम त्यांचा आवाजच बदलला. "इम्रान, बार उचल. डावीकडे चार हात."

इम्रानभाईंनी बार उचलला, डावीकडे नेला. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं.

"जास्त झालं. उजवीकडे दोन."

"साहेब, हे काय चाललंय?"

"नेम धरतोय. पहिला गोळा पुढं पडतो, दुसरा मागं. मग मधलं अंतर निम्मं करत जायचं. घाई करायची नाय. आता पुढं ये, तीन हात."

"साहेब, गोळा मधे पडणार ना?" इम्रानभाई म्हणाले. "मधे मी उभा आहे."

"म्हणूनच सांगतो, हलू नकोस."

असं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. निम्मं, मग निम्म्याचं निम्मं, मग चार बोटं, मग दोन. इम्रानभाई हातात बार धरून, तान्ह्या मुलाला झोपवावं तसे, खोलीभर फिरत होते. वायर संपली तेव्हा मी लांब वायर काढून दिली. साहेब डोळे उघडायचे नाहीत. बार टीव्हीखालून निघाला, शोकेस ओलांडली, खिडकी ओलांडली, आणि शेवटी त्यांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, टीपॉयवर, हाताच्या अंतरावर येऊन थांबला. तोंड थेट डाव्या कानाकडे.

"बस," साहेब म्हणाले. "इथं."

मग डोळे उघडले आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. बार त्यांच्या चहाच्या कपाशेजारी होता.

मला माझीच गंमत वाटली. आम्ही इतके दिवस ताकद विकत होतो. हवं होतं ते जवळ येणं. मोठा बार तिथं मावलाही नसता.

वहिनींना तेवढी वायरची काळजी. "पायात येईल हो."

"सतरंजीखालून घेऊ," इम्रानभाई म्हणाले आणि तिथल्या तिथं गुडघ्यावर बसले.

*

रविवारी साहेबांनी आम्हा दोघांना पोहे खायला बोलावलं. बोलावलं कसलं, हजर राहायला सांगितलं. कार्यक्रमाच्या आधीच आम्ही पोचलो. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत. वहिनींनी मखमलीचं कव्हर काढून घडी करून मांडीवर ठेवलेलं.

कार्यक्रम लागला. द्राक्षाच्या छाटणीचा विषय होता. पडद्यावर वेली, कात्री, एक शेतकरी मागे सरकून काडी दाखवतोय. आणि टीपॉयवरून वैशालीचा आवाज. हळू, नीट, कुठेही जोर न लावता. काडीवर किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे, पाऊस लांबला तर काय करायचं.

साहेब पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते. थोड्या वेळानं त्यांचं डोकं डावीकडे कललं आणि हनुवटी खाली आली. वहिनींनी माझ्याकडे बघून खूण केली, झोपले. मला जरा वाईट वाटलं. इतकी यातायात केली आणि नेमके आता झोपले. इम्रानभाईंनी पोह्यांची बशी आवाज न करता खाली ठेवली.

कार्यक्रम संपला. जाहिराती सुरू झाल्या. वहिनींचा फोन वाजला. वैशाली दर रविवारी कार्यक्रम झाला की फोन करते. वहिनींनी स्पीकर चालू केला.

"आई, बघितला का?"

वहिनी बोलायच्या आत साहेबांचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"तिला म्हणावं, सर्दी झालीय तुला. नाक बंद आहे. डोळे मोजायचं सांगत होती तिथं दम लागला."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "काल माझ्याशी बोलली, तेव्हा तर बरी होती हो."

फोनमधून वैशाली म्हणाली, "पप्पांनी ऐकलं?" मग म्हणाली, "आई, कार्यक्रम आधी रेकॉर्ड होतो. पंधरा दिवस झाले त्याला. तेव्हा होती मला सर्दी. तापही होता. पप्पांना सांग, आता मी बरी आहे."

वहिनींनी साहेबांच्या डाव्या कानाशी वाकून ते सगळं सांगितलं. साहेबांनी डोळे उघडले.

"मग तेव्हा सांगितलं का नाय? विचार तिला."



"सांगितलं होतं की आई," वैशाली म्हणाली. "त्या रविवारी तू देवळात गेली होतीस. फोन पप्पांनी घेतला होता. मी म्हटलं ताप आहे, आवाज बसलाय, एकटीच आहे खोलीवर. पप्पा म्हणाले, वा, छान, असंच चालू दे."

हे वहिनींनी लगेच सांगितलं नाही. त्यांनी मखमलीची घडी उलगडली, पुन्हा घातली. इम्रानभाई खिडकीकडे बघत होते.

"काय म्हणाली?" साहेबांनी विचारलं.

वहिनी वाकल्या आणि त्यांच्या कानात बोलल्या. थोडंसंच बोलल्या, पण त्यांना पुरलं.

साहेबांनी रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीसकट उचलला आणि टीव्ही बंद केला. जाहिराती मधेच तुटल्या. मग वहिनींच्या हातातला फोन घेतला, डाव्या कानाला घट्ट लावला, दुसऱ्या हाताची ओंजळ त्याभोवती केली, आणि आम्हा तिघांनाही त्यांनी डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं.

"बोल बेटा," ते म्हणाले. "ताप आला. तिथून परत सांग."